उबदार आवाज, घरच्या घरी

साहित्य : ६०८० व्हॉल्व्ह १, त्याच्या आधी सिग्नल वाढवणारा लहान व्हॉल्व्ह १, दीडशे व्होल्टचा सप्लाय, मल्टिमीटर, १०० ओहमचे दोन रेझिस्टर, सोशिक घरचे.

पायरी १ : ६०८०ची ओळख करून घ्या. हा गडी मुळात सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवण्याच्या हमालीसाठी जन्मला. आपण त्याला हेडफोन अ‍ॅम्पमध्ये गायला बसवणार. एका काचेत दोन ट्रायोड, कानाला एकेक. नुसता हीटरच १६ वॅट खातो, त्यामुळे थंडीत शेक फुकट.

पायरी २ : आउटपुट ट्रान्सफॉर्मर महाग असतो, तो गाळा. कुणी विचारलं तर ‘आवाजाच्या शुद्धतेसाठी’ म्हणा.

पायरी ३ : इथे हसू नका. प्लग काढला तरी कपॅसिटर चार्ज धरून बसतो. तो रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.

पायरी ४ : आता गणित. ट्रायोडचा प्लेट रेझिस्टन्स २८० ओहम, म्यू (व्होल्टेज वाढवण्याची पट) २. आउटपुट कॅथोडवरून घेतलं की झाला कॅथोड फॉलोअर; त्याचा आउटपुट इम्पिडन्स २८० भागिले म्यू अधिक एक, म्हणजे भागिले ३, सुमारे ९३ ओहम. ही खानावळ वाढण्याआधी स्वतः जेवते : ३०० ओहमच्या हेडफोनला तीन-चतुर्थांश व्होल्टेज मिळतं, ३२ ओहमच्या हेडफोनला जेमतेम पाव.

पायरी ५ : खात्री करा. ४०० हर्ट्झचा सूर लावून आउटपुटचं व्होल्टेज मोजा, मग १०० ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर आला तर इम्पिडन्स १००.

पायरी ६ : जाणकार सांगतात, हेडफोनचा इम्पिडन्स अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान आठपट हवा. ९३ आठे ७४४. म्हणजे ३०० ओहमवाला नापास, ६०० ओहमवालाही नापास. जाणकार बदला.

पायरी ७ : डोळे मिटून ऐका. सेनहायझर एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास पाचशेच्या वर चढतो. तिथे वाटणीत त्याला जास्त मिळतं आणि खर्ज सुमारे १ डेसिबल फुगतो. ‘व्हॉल्व्हचा उबदारपणा’ म्हणून पाहुण्यांना ऐकवतो त्यात हा डेसिबलही असतो.

पायरी ८ : मोजणीचे ते दोन रेझिस्टर साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या आउटपुटला, कानागणिक एक, सिरीजमध्ये जोडा. खर्ज तेवढाच फुगेल. खर्च दोन-चार रुपये.

टीप : पायरी ८ घरचे झोपल्यावर करावी.