आभाळ काळं करताना

पुणे जिल्ह्यात पाऊस दोन प्रकारचा. मावळ-मुळशीत पडतो तो आणि आमच्या शिरूर-दौंडकडे फ्लेक्सवर दिसतो तो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात खात्रीचे ढग पाहायचे तर वाढदिवसाचे फलक गाठावेत. भर एप्रिलात काढलेला फोटो, मागं मात्र आषाढाचं आभाळ. कारण काळ्या आभाळापुढं दादांचा पांढरा शर्ट उठून दिसतो. त्याबरोबर डोक्याभोवती एक पांढुरकं वलयही उठून दिसतं आणि परवा ग्रामपंचायतीला पडलेला माणूस आज थेट संतपदाला पोचतो.

मला फोटोशॉप येतं ही बातमी फुटल्यापासून अशी आभाळं माझ्याकडे येतात. “भाऊ, दणकून काळं करा!” एवढीच सूचना.

वलयामागं अध्यात्म काही नसतं. नुसतं आभाळ काळं करायचं तर माणसाभोवती कुंपण घालावं लागतं. कुंपणाची कड मऊ ठेवली की काळोख केसांपाशी येता येता विरतो आणि मधे मूळचं फिकट आभाळ उरतं. कड कडक ठेवली तर दादा कात्रीनं कापून चिकटवलेले दिसतात. वर क्लॅरिटी आणि शार्पनिंग ओढलं की वलय आणखी तेजस्वी होतं.

डार्करूमच्या काळात एनलार्जरखाली भोक पाडलेला पुठ्ठा धरून तो सारखा हलवत ठेवायचे. हात थांबला की कड उमटलीच. आता कुंपण आकारावरून न घालता उजेडावरून घालता येतं. उजळ ते सगळं काळं करायचं, काळं ते तसंच सोडायचं. केसांच्या फटींतून डोकावणारं आभाळही मग आपोआप काळवंडतं. कलप लावलेल्या नेत्यांना ही युक्ती फार मानवते. पांढरे केस, पांढरा फेटा, पांढरा शर्ट असला, की आभाळाबरोबर दादाही मावळू लागतात. त्यांना ब्रशनं एकेक करून परत आणावं लागतं. नवरदेवाच्या मुंडावळ्यांबद्दल तर बोलूच नये. प्रत्येक मण्याच्या मधे एक स्वतंत्र आभाळ!

एवढं करून डोळे फितूर. गडद आणि फिकट रंग जिथं भेटतात तिथं नसलेली उजळ रेघ डोळा स्वतःच ओढतो, हे अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून खरा उपाय एकच: आभाळ बेतानं काळं करावं. पण बेत हा शब्द निवडणुकीच्या वर्षात कोण ऐकतो?

तरी एकदा मी वलयाचा मागमूस न ठेवता फोटो करून दिला. दादांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला, काही बोलले नाहीत. शेवटी कार्यकर्त्यानंच तोंड उघडलं.

“भाऊ, सगळं झ्याक आहे. पण दादांचं तेज कुठं गेलं?”

तेज परत घातलं. फलक लागला. लगोलग विरोधी गटाचे आबा स्वतः घरी आले, चहा घेतला आणि हळूच म्हणाले, “आमचं त्यांच्यापेक्षा चार बोटं जास्त सोडा.”