हलका ब्रॅकेट, झटपट: नवशिक्यांसाठी सिम्युलेशन

अभिनंदन! सॉफ्टवेअरचं लायसन्स मिळालं. आता वर्कशॉपमध्ये जाऊन हात काळे करायला नकोत.

१. आधी उत्तर ठरवा. इंजिनाचा ब्रॅकेट किती ग्रॅमनी हलका होणार, हे साहेबांनी क्लायंटला कधीच सांगून टाकलंय. तो आकडा वहीत लिहा.

२. रस्ता सपाट धरा. तळेगाव-चाकण रस्ता मॉडेलमध्ये घालायला गेलात, तर ब्रॅकेट हलका व्हायचा सोडून जड होईल.

३. आतल्या कोपऱ्यांना गोलाई देऊ नका. अशा टोकदार कोपऱ्यात मेश जितका बारीक, तितका ताण चढतो, आणि चढतच राहतो. घाबरू नका, मेश जाड करा. ताण आपोआप उतरतो. ब्रॅकेट ज्या मेशवर पास होतो, तोच योग्य मेश. दुसऱ्या मेशवर पडताळून पाहावंसं वाटेल. वाटतं सुरुवातीला, मन आवरा.

४. आता संख्याशास्त्र. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, म्हणजे ८१ रन. तागुचींच्या एल-९ तक्त्यात ९ रनमध्ये भागतं. घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम त्यात वेगळा दिसत नाही. तेवढीच डोक्याला कटकट कमी. त्या ९ उत्तरांवर ९ गुणांकांचं समीकरण बसवा. आर-स्क्वेअर बरोब्बर १! मधल्या जागी काय होतं, हे विचारणारा माणूस मीटिंगला बोलावू नका.

५. पत्र्याच्या जाडीत किती फरक पडतो, हे सप्लायरला विचारू नका. अंदाज ठोका आणि मॉन्टे कार्लो १०,००० वेळा चालवा. अंदाजाला चार दशांश स्थळं फुटतात.

६. रंगपट्टीची वरची मर्यादा वाढवा. सगळा ब्रॅकेट निळा होतो. निळ्यावर सही लवकर मिळते.

७. एखादा खडूस म्हणेल, ‘नॉर्वेचा स्लाइपनर-ए आठवतो का?’ समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मचा तो काँक्रीटचा पाया. सिम्युलेशन रीतसर झालं होतं, फक्त नको तिथे मेश भरड होता. कातर-ताण ४७ टक्के कमी निघाला. २३ ऑगस्ट १९९१ रोजी पाया फ्योर्डच्या तळाशी गेला. त्याला शांतपणे पुढची गोष्ट सांगा: नंतर काळजीपूर्वक केलेल्या हिशेबात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं, आणि प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे सिम्युलेशन अचूकच असतं, बुडाल्यानंतर केलं तर. तेव्हा मूळ फाइल डिलीट करू नका. चौकशी समितीला लागेल.