निसर्गभेटीचा रविवार

भिलाईच्या नेहरू नगरात सध्या निसर्गाची साथ आली आहे. रविवार उजाडला की गाड्या निघतात बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसद्याकडे. २०२१ साली तिथे पक्षी महोत्सव भरला आणि तळ्यावरची बदकं एकदम प्रतिष्ठित झाली. काठावर स्पीकर लागतो. ‘किती शांत आहे ना इथं!’ हे मग ओरडून सांगावं लागतं.

एवढं लांब ज्यांना झेपत नाही, त्यांना पोलाद कारखान्याची मैत्री बाग आहेच. तिथला पांढरा वाघ दाखवून मुलांना ‘जंगल’ शिकवतात. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाचा वंश पुढे पिंजऱ्यातच वाढला, ही किरकोळ बाब.

घरी परतल्यावर मात्र निसर्गाला शिस्त लागते. कबुतरं येतात म्हणून बाल्कनीला जाळी, चिखल होतो म्हणून अंगणात फरशी, पानं पडतात म्हणून कडुनिंबावर कुऱ्हाड. त्याच्या निंबोळ्या खाणारे बुलबुल कुणी पाहिलेच नव्हते. बरोबरच आहे, त्यांना पाहायला पेट्रोल जाळावं लागत नव्हतं!

तेव्हा मंडळी, झाड तोडणाऱ्याला सोमवारी बोलावलं असेल, तर आधी त्याला फोन करून नको म्हणा. मग खुशाल बेमेतऱ्याला जा.