व्याख्या झाली, कडी कधी बसवणार?

शाळा-कॉलेजांत लिंगावरून भेदभाव नको, हे सगळ्यांना मान्य. मग 'लिंग' म्हणजे काय ते आधी ठरवा, असा पुकारा होतो आणि गाडी तिथेच अडते.

पण ते तर ठरलेलं आहे! 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे 'नालसा'च्या, खटल्यात सांगितलं की, राज्यघटनेच्या 15 व्या कलमातल्या मनाईत माणसाची लिंगओळखही येते. ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. म्हणजे निकाल लोकलच्या अंतरावरचा. तरीही तो शाळेपर्यंत पोहोचत नाही?

पोहोचू दिला जात नाही.

2021 मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. स्वच्छतागृह, गणवेश, वर्गातली वागणूक, असे रोजचेच विषय. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेतली आणि पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यावरून एनसीईआरटीचे कान उपटले. लालबागच्या शाळेतल्या बाईंच्या हाती काय पडलं? काही नाही.

आता विरोधासाठी दाखले परदेशातून येतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तिथल्या समता कायद्यापुरती 'स्त्री' जन्मावरून ठरवली. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्ष बदलला की शाळांचा नियम बदलतो. अहो, तो त्यांचा कायदा. घरचा निकाल कोणी वाचायचा?

मुलींच्या स्वच्छतागृहातल्या सुरक्षिततेचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. पण मग मुलींनाच विचारा ना! सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी नेणारी पोर कशाला घाबरते? दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, याला. मुलग्यांच्या रांगेत उभं केलेलं, पण आतून स्वतःला मुलगी मानणारं लेकरूही तसंच तहानलेलं घरी जातं. त्याचं दुखणं दुसऱ्या कोणाला दिसतही नाही.

गिरगावातल्या कित्येक चाळींत गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासावर पिढ्या निघाल्या. भांडणं झाली ती बादलीवरून, नंबरावरून आणि तुटलेल्या कडीवरून; कोण बाई, कोण पुरुष यावरून नाही.

खेळांचं म्हणाल, तर ऑलिंपिकच्या गटांवर तज्ज्ञांनी जरूर भांडावं. पाचवीच्या खो-खोला त्यात का ओढता?

आणि झळ फक्त मुलांनाच नाही. एका पारलिंगी शिक्षिकेला उत्तर प्रदेश आणि गुजरात अशा दोन्हीकडच्या खासगी शाळांनी नाकारलं. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना सुनावलं. जिथे बाईंनाच जागा नाही, तिथे मुलाने कोणाकडे बघायचं?

शाळांत हे सगळं करणं अवघड आहे, असं सरकार म्हणतं. डिसेंबर 2022 मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी तिसरा रकाना घालणंही महाराष्ट्र सरकारला अवघड होतं. मुंबई उच्च न्यायालयाने भरतीच रोखण्याचा इशारा दिला आणि रकाना घालायला सरकार लगेच तयार झालं.

पोलीस भरतीसाठी सज्ञान उमेदवार तरी कोर्टात गेले. शाळेच्या स्वच्छतागृहासाठी आता सातवीतल्या पोराने वकील करायचा का?