अकरा वाजता, बाभळीच्या डावीकडं

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांवर आल्याची बातमी छापून आली, की नाशिककर रजया बाहेर काढतात. काका दुर्बीण काढतात. रात्री फोन येतो, “उद्या पहाटे पाचला. नांदूरमध्यमेश्वर. भडक स्वेटर नको.” हो-नाही विचारायची पद्धत नाही.

असे काका बहुतेक गावांत असतात. बहुधा बँकेतून निवृत्त; डोक्यावर माकडटोपी, खिशात वही, मागं थर्मास घेतलेल्या काकू. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या, बांधावरच्या गवतावर दव गोठलेलं आणि काका गाडीची काच खाली करून बसलेले. का, तर आवाज ऐकू यावेत. कुणी कुडकुडलं की, “ते चक्रवाक लडाखहून आलेत. ते करतात का तक्रार?” तिथलं पाणी गोठतं म्हणूनच ते इथं आले, हे काकांना सांगायची कुणाची छाती नाही.

मनोऱ्याजवळ पोचल्यावर काका “शूऽऽ!” करतात, ते एवढ्या मोठ्यानं की काठावरचे शेकाटे उडून जातात. मग एकदम, “अकरा वाजता! बाभळीच्या डावीकडं!” नवखा माणूस मनगटावरचं घड्याळ बघतो. बाभळी तर जिकडंतिकडं. कुठली, हे ठरेपर्यंत पक्षी पसार आणि काकांचं ठरलेलं वाक्य येतं, “परवा यायला हवं होतंत.” परवा नेहमीच सगळं असतं. रोहित, क्रौंच, काय म्हणाल ते.

वारकऱ्यांची मोजणी हा वेगळाच सोहळा. पाण्यावरचे हे काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी काका दहादहाच्या गटानं मोजतात. “तीनशे दहा, तीनशे वीस...” तेवढ्यात काकू विचारतात, “बिनसाखरेचा देऊ ना?” त्याच क्षणी दलदल ससाणा घिरटी घालतो, सगळे वारकरी पाणी तुडवत एका बाजूला. पुन्हा एकपासून. दोष ससाण्याला नाही, काकूंना.

पण गावातला एखादा पोरगा सायकल टेकवून उभा राहिला, की दुर्बीण आधी त्याच्या गळ्यात. जांभळी पाणकोंबडी पाणगवताचा देठ लांब बोटांत धरून चोचीनं सोलते, आतला मऊ गाभा खाते. पोरगं ते बघून हसलं, की काका असे फुलतात जणू ती कोंबडी त्यांनीच पाळलीय.

शेवटी इतिहास. गोदावरी-कादवा संगमाजवळचा बंधारा, त्यात साचलेला गाळ, उथळ झालेलं पाणी, म्हणून आलेले पक्षी. १९८६ साली अभयारण्य, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. त्या वर्षी काकांनी पेढे वाटले होते. हे सारं ते पाण्याकडं पाठ करून सांगतात. मागच्या खेपेला ते गाळावर पोचले असताना काकू हळूच म्हणाल्या, “अहो, पाणमांजर.” काका म्हणाले, “मध्ये बोलू नकोस.” आम्ही सगळ्यांनी पाणमांजर पाहिलं.

परतताना मिसळीच्या टेबलावर यादी निघाली. काकू म्हणाल्या, “पाणमांजर लिहा.”

“ही पक्ष्यांची यादी आहे,” काका तर्रीत पाव बुडवत म्हणाले.

काकूंनी वहीचं एक पान मागं उलटलं आणि बोट ठेवलं. “मग हा कोल्हा कधी उडाला?”