फुसका बार

बंदुकीचा परवाना खिशात आला की माणूस जरा फाकून चालायला लागतो. माझं हे परवाना येण्याच्या आधी, अर्ज टाईप होऊन हातात पडला तेव्हाच सुरू झालं. देवगडकडच्या आमच्या कलमांच्या बागेसाठी अण्णांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एक बारा बोअरची एकनळी होती. अण्णा गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि वारस म्हणून ती परत आणणं हे माझ्या निवृत्तीचं ध्येय ठरलं. अर्जात कारण लिहिलं, माकडांचा उपद्रव. खरं कारण ओटीवर टांगलेलं होतं. तिथे पणजोबांचा फोटो आहे. खुर्चीत बसलेले, मांडीवर आडवी बंदूक, आणि नजर अशी की फोटोवाल्याने पैसे मागितले नसावेत. त्यांच्या शेजारी एका चौकटीपुरती भिंत रिकामी आहे.

शस्त्र कायदा १९५९चा आणि त्याचे नियम २०१६चे. या दोघांच्या मधल्या बोळातून मला जावं लागलं. सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलांचं मत, शस्त्र सुरक्षितपणे हाताळता येतं याचं प्रमाणपत्र, आणि शरीराबरोबर मनही धड असल्याचा डॉक्टरी दाखला. ‘चिडचिड होते का?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी ‘नाही!’ असं म्हणालो. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले. तरी दाखला मिळाला. परवानाही मिळाला. २०१९च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीनच वर्षांचा असे. म्हणजे आता मर्दानगीचं नूतनीकरण सावकाश केलं तरी चालतं.

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे. लग्नकार्यात, देवळात, समारंभात हौसेने बंदूक उडवली आणि त्यात कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुतणीच्या लग्नात मुलाकडच्या एका उत्साही मामांनी ‘काका, एक बार होऊन जाऊ दे’ अशी गळ घातली, तेव्हा मी हे कलम त्यांना अक्षता पडेपर्यंत समजावून सांगितलं. बंदूक तेव्हा शंभर कोसांवर कपाटात होती, पण नाही म्हणण्यातही केवढा रुबाब असतो!

तर ही बंदूक कशासाठी? वांदराला गोळी घालायची सोय नाही. बाहेर वन्यजीव कायदा आणि घरात मारुती, दोघेही त्याच्याच बाजूचे. रानडुकराचं असेल तर वनखात्याचे कागद वेगळे. राहता राहिलं आभाळ. म्हणजे एवढा खटाटोप करून, मन धड असल्याचं लेखी देऊन, मी जे मिळवलं ते मुळात आवाज करायचं साधन आहे. लोखंडी नळीचा भोंगा. दूर कोडगूत जन्मलो असतो तर गोष्ट वेगळी होती. तिथल्या कोडवांना बंदुकीसाठी परवाना लागत नाही. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट केंद्र सरकारने २०२९पर्यंत वाढवून दिली आहे. त्यांच्यात मुलगा झाला की हवेत बार काढायची चाल आहे, कैलपोळ्द सणाला बंदुकांची पूजा होते. आमच्याकडे मूल झालं की सुईण बाहेर येऊन सांगायची, आणि तेही हळू, दृष्ट लागेल म्हणून.

हवेत बार काढायचा तर बागेत असावं लागतं. मी एरवी ठाणे शहरात असतो. कपाटाची किल्ली माझ्याकडे, परवान्यावर नाव माझं, आणि माकडं तिकडे. आंब्याच्या दिवसांत बाग राखतो तो एक नेपाळी गडी. देवगड-रत्नागिरीकडे आता बहुतेक बागांत हेच चित्र आहे. थंडी सरता सरता ही माणसं येतात, झाडांखाली पत्र्याच्या खोपीत राहतात, पावसाच्या तोंडावर जातात. गाव त्या सगळ्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतं आणि सगळे ओ देतात. आमचा बरीच वर्षं येतोय. मालवणी बोलतो, हेल मात्र डोंगरातला. एकदा मी बंदूक पुसत ओटीवर बसलो होतो (मी ती फार पुसतो, रस्त्यावरून दिसते). तो म्हणाला, ‘काकानू, तुमी गेल्यार माकडां येतत. तेंका एष्टीचो टायम ठावक आसा.’

आता गडग्यापलीकडचं. शेजारची बाग विकली गेली आणि तिथे दोन मजली होमस्टे उभा राहिला. शनिवारी संध्याकाळी गाड्या येतात, गच्चीवर काळे खोके लावले जातात आणि मध्यरात्रीपर्यंत आमच्या कौलांवरून उंदीर स्थलांतर करतात. ‘आमच्या जागेत आम्ही काहीही करू,’ असं मॅनेजर पहिल्याच भेटीत म्हणाला. हे वाक्य ऐकून मला विलक्षण आनंद झाला. उभी हयात बँकेच्या कर्ज विभागात गेलेल्या माणसाला असं वाक्य फार दिवसांनी कानावर पडतं. मी नियम वाचायला बसलो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी निघाले. प्रेमिकांच्या दिवशीच सरकारला कानगोष्टींचं महत्त्व पटावं हे मला आवडलं. रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, आणि इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खाजगी जागेतलं वाद्य असेल तर जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर पाच जास्त चालतील. मर्यादा दहाने ओलांडली की तक्रार करता येते. सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. चार क्षेत्रं आहेत. शेत नाही. बाग नाही. या देशात कारखान्याला किती ओरडावं हे सांगितलं आहे, शेतकऱ्याला नाही. बहुधा त्याचं ऐकायचंच नसेल तर मोजून काय करायचं, असा सुज्ञ विचार असावा.

मग मी मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप उतरवून घेतलं. घरच्यांच्या मते माझ्या आयुष्याचे दोन भाग पडतात, ॲपपूर्व आणि ॲपोत्तर. शनिवारी रात्री मी गडग्यावर फोन धरून उभा राहिलो. आकडा ७८. मी खूश. पण मोजणाऱ्याचा हात एका आकड्यावर थांबत नाही. मिक्सर मोजला. कुकरची शिट्टी मोजली. तिसरी पहिलीपेक्षा मोठी निघते. पाट्यावरचं वाटण मोजलं, ते कायद्यात बसतं, म्हणून दोन दिवस मी पाट्याचा पुरस्कार केला, आणि वाटायला मलाच बसवण्यात आल्यावर सोडून दिला. पत्र्यावर नारळ पडायची वाट पाहत तासभर हात वर करून उभा राहिलो. मासेवाली दारात आली तेव्हा फोन पुढे केला. तिला वाटलं मी तिचं शूटिंग करतोय. तिने पदर सारखा केला आणि इतक्या गोड, हळू आवाजात बांगड्याचा भाव सांगितला की आकडा ५० वरच राहिला, भाव मात्र दीडशेने चढला. दशावताराच्या रात्री संकासुराच्या प्रवेशाला आकडा कुठे गेला ते सांगत नाही. मी स्वतः टाळ्या वाजवत होतो.

मग येणाऱ्याजाणाऱ्याला मी समजावू लागलो की डेसिबल ही साधी बेरीज नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट, वीस वाढले की शंभरपट. चक्रवाढ व्याजही इतकं निर्दय नसतं. बंदुकीचा बार कानाशी दीडशेच्याही वर जातो. पण नियमातली मर्यादा ही सरासरीची आहे, त्यामुळे एक बार आणि बाकीची लांबलचक दुपार यांचा हिशेब कसा लावायचा, यावर मी वहीची चार पानं भरली. लोक आमच्या आळीतून जायचं टाळू लागले. पावसाळ्यात तर मला झोपच येईना. पहिल्या पावसानंतरच्या रात्री आमच्या विहिरीपाशी ॲप ६० च्या खाली उतरायलाच तयार नाही. म्हणजे कोकणातले यच्चयावत बेडूक १४ फेब्रुवारी २०००पासून बेकायदेशीर आहेत. रातकिड्यांचं तर बोलायलाच नको, त्यांची रात्रपाळी कायमची. हे मी कौतुकाने घरात सांगितलं. सौभाग्यवती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने माझाच फोन समोर ठेवला. रात्रभर तो माझ्या उशाशी चालू होता. मध्यरात्रीचा माझ्या घोरण्याचा आकडा ६९. ‘निवासी क्षेत्र, रात्रीची वेळ,’ ती म्हणाली, ‘मर्यादा पंचेचाळीस, दहा वर गेलं की तक्रार करता येते ना? कुणाकडे करू?’

बंदुकीला पर्याय म्हणून मी एका दुकानात पीव्हीसी पाइपची ‘माकड पळवायची बंदूक’ही पाहून आलो. आत कार्बाईडचा खडा, थोडं पाणी, आणि शेगडीचा लायटर. त्यासाठी परवाना मागत नाहीत. पण २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे अशा पाइपांनी कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि ते वाचल्यावर हात पुढे होईना. शिवाय ज्या कार्बाईडनं आंबा पिकवायला कायद्यानं बंदी, त्याच कार्बाईडनं आंबा राखायचा, हे आमच्या कलमांना तरी काय वाटेल?

आणि निवडणुका. लोकसभेच्या निवडणुका नेमक्या हापूसच्या हंगामात येतात. २०२४ साली १६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मेला आमच्याकडे मतदान झालं, ४ जूनला निकाल. कुठल्याही बागायतदाराला विचारा, आंब्याचं वर्ष याच दोन टोकांच्या मध्ये असतं. मला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, बंदूक जमा करा. सरसकट सगळ्यांकडून जमा करू नका, छाननी समितीने ज्याचं त्याचं पाहून ठरवावं, असं उच्च न्यायालयाने म्हटलं आहे, हे मी तिथे सांगून पाहिलं. समोरचा माणूस भला होता. म्हणाला, ‘काका, तुमच्यापासून लोकशाहीला धोका नाही हे मला दिसतंय, पण यादीत तुमचं नाव आहे.’ पहिल्या वाक्याने मी जो खचलो, तो दुसरं ऐकायला थांबलो नाही. माकडांना आचारसंहिता नव्हती. त्यांनी घरोघरी प्रचार केला.

त्या मोसमात बाग बहादूरनेच राखली, गळ्याने. तशी तो नेहमीच गळ्याने राखतो. फक्त त्या वर्षी बंदुकीची आशा नव्हती म्हणून मला ते ऐकू आलं. झुंजूमुंजू व्हायच्या आत तो सुरू करतो. पोटातून निघणारी लांब आरोळी, मग रिकाम्या डब्यावर काठी, मग पुन्हा आरोळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. उन्हं वर आली की माकडं थोडी थांबतात, तोही थांबतो, चारला पुन्हा. मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्याच्या गळ्यात फक्त वारा उरतो. रात्री खोपीबाहेर तो नेपाळात घरी व्हिडिओ लावतो, आणि कुजबुजत बोलतो. मला वाटायचं प्रेमाचं बोलणं असेल. तसं नव्हतं. त्यातून आवाजच निघत नव्हता, आणि पलीकडून धाकटी मुलगी सारखी मोठ्याने काहीतरी विचारत होती. मी त्याला विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, तिला वाटतं फोन बिघडलाय. रात्री दहानंतरची पंचेचाळिसाची मर्यादा पाळणारा आमच्या पंचक्रोशीतला तो एकटा माणूस असेल. कायदा कुणाच्या हातात काय देतो पाहा: बागेत नसणाऱ्याला बंदूक, आणि बागेत असणाऱ्याला डबा. माझ्या बंदुकीच्या तेलपाण्यावर मी खर्च करतो, तेवढ्यात त्याच्या खडीसाखरेची, ज्येष्ठमधाची सोय झाली असती. आता करतो. तो ज्येष्ठमध माझ्यासमोर तोंडात टाकतो आणि मी वळलो की थुंकतो.

गेल्या मोसमात, निवडणूक वगैरे काही नसताना, होमस्टेचा मॅनेजर स्वतः गडगा ओलांडून आला. पाहुण्यांची तक्रार आहे म्हणाला. पहाटे कुणीतरी ओरडतं, लोक शांततेसाठी येतात, आणि ‘आवाजाचे काही नियम असतात ना?’ असतात. ते त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ होते, हीच पंचाईत. सहापर्यंत रात्र धरली जाते आणि बहादूर साडेपाचलाच सुरू करतो हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी ते आकडे गिळले आणि भारदस्तपणे म्हणालो, ‘नियम भोंग्याला आहेत. माणसाच्या गळ्याला अजून परवाना लागत नाही.’ वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. मी बंदूक पुसत होतो. ‘काका, ही खरी? पाहुण्यांना तुमच्याबरोबर फोटो काढायला आवडेल.’ दुसऱ्याच्या हातात देणार नाही, काडतूस असणार नाही, असं मी बजावलं. कसं बसायचं हे विचारायची मला गरज नव्हती. सौदा ठरला. मी संध्याकाळी पणजोबांच्या खुर्चीत बसायचं, त्यांनी गच्चीवरचे खोके दहाच्या ठोक्याला बंद करायचे, आणि पहाटेच्या आरोळीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

त्या शनिवारी मी नजर रोखून इतके फोटो दिले की रात्री पापण्या मिटेनात. दहाला खोके खरोखरच बंद झाले. सव्वादहाला पाहुणे स्वतः गायला लागले. मी ॲप घेऊन तरातरा गडग्यापाशी गेलो. पलीकडून मॅनेजर हात जोडून म्हणाला, ‘काका, भोंगा नाही हं. गळाच आहे.’