बनी तो बनी, नहीं तो परभणी

मामा कॉलेजचं नाव घेत नाहीत, नंबर घेतात. सहा हजार सहा म्हणजे पुण्याचं सीओईपी. तीन हजार बारा म्हणजे मुंबईचं व्हीजेटीआय. दोन हजार वीस म्हणजे नांदेडचं गुरू गोविंदसिंगजी. पहिला आकडा विभागाचा असतो: दोन म्हणजे आपला मराठवाडा, तीन म्हणजे मुंबई, सहा म्हणजे पुणे. अलीकडे प्रवेशाच्या या कोडला पाचवा आकडा चिकटला, पण मामा जुन्या चारांवरच ठाम आहेत. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "अमक्याचा पोरगा कुठंय हो आता?" तर मामा भाताचं आळं करता करता सांगतात, "सहा हजार दोनशे एकाहत्तरला. चार वर्षं." विचारणाऱ्याला वाटतं, पोरानं काहीतरी गुन्हा केला असणार.

परभणीत अशा मामांचा तुटवडा नाही. वसमत रोडला एक असतात, जिंतूर रोडला एक असतात, नानलपेठेत तर दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या गल्लीतले मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शिक्षण बी.कॉम. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकातून ते आजवर एकदाच आत गेले, तेही तिथे निवडणुकीची ड्युटी लागली म्हणून. ते कुणाचेही सख्खे मामा नाहीत; दहावी-बारावीचं पोर ज्या घरात असेल, त्या घराचे ते जून ते ऑगस्ट मामा असतात. बाकीचे नऊ महिने लोक त्यांना नुसता हात करून पुढे जातात.

मामांचं भांडवल म्हणजे एक प्लास्टिकची फाईल. तिच्यात मागच्या कित्येक वर्षांच्या कटऑफच्या याद्या, लाल आणि हिरव्या पेनाने रेघा मारलेल्या. सोबत स्टीलची फूटपट्टी, कारण यादीतले आकडे मुंगीएवढे असतात आणि डोळा घसरला की सिव्हिलचं पोरगं कॉम्प्युटरला जातं. सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत येतात. आपण सामान्य माणसं पहिल्या दोन आकड्यांवर थांबतो. मामा सातवा आकडा वाचेपर्यंत श्वास घेत नाहीत, आणि मग चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "शेवटी तीन पडले. पाच असते तर बरं झालं असतं." पोराच्या आईला हुंदका येतो. त्या पाचानं नेमकं काय झालं असतं, हे विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

इंजिनिअरिंगच्या फॉर्मात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. सरकारने तीनशेची मर्यादा घातली ती वरची, पण परभणीत ती किमान समजली जाते. फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला? म्हणून पोरं पालघर, शिरपूर असं करत सगळा महाराष्ट्र भरून काढतात. मामा मात्र यादी रेल्वेच्या हिशेबाने लावतात. तपोवन एक्सप्रेस जाते ती कॉलेजं वर. देवगिरी जाते ती त्याच्या खाली. गाडी बदलावी लागत असेल तर कॉलेज दहा नंबर घसरतं. सांगलीचं वालचंद 1947 पासूनचं नावाजलेलं कॉलेज, पण मामांच्या यादीत ते कायम खाली, कारण "रात्रीचा डबा घेऊन निघालं तं डबा विटतो, सांगली येत न्हाई."

शाखांचं त्यांना फारसं कौतुक नाही. एकेकाळी लोक त्यांच्याकडे सिव्हिल मागायला यायचे, मग मेकॅनिकल, मग ई अँड टीसी. आता फक्त कॉम्प्युटर. त्याच्या शेपटाला एआय, डेटा सायन्स, सायबर असं काहीही असलं तरी चालतं. मागे एका बापाने विचारलं, "मामा, हे एआय म्हणजे काय वो?" मामा म्हणाले, "कॉम्प्युटरच. फी जास्त." याहून नेमकी व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

मात्र मामांना एका बाबतीत मानावंच लागेल. ही यादी आतून कशी चालते, हे गल्लीत फक्त त्यांनाच कळलंय. बहुतेक बापांची समजूत अशी, की मोठ्या कॉलेजचं नाव पहिल्या नंबरवर टाकलं तर खालच्या कॉलेजवाल्यांना राग येतो आणि तेही हातचं जातं. मामा टेबलावर फूटपट्टी आपटून सांगतात, "दाजी, मशीनला राग लोभ न्हाई. ते तुमच्या पोराच्या नंबरची पाळी आली की वरून खाली येतं. जिथं जागा रिकामी घावली, तिथं थांबतं. वर टाकल्यानं खालचं जात न्हाई." 2025 पासून त्यात एक पाचर बसली. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतलं काही लागलं तर तेही आपोआप पक्कं होतं, आणि तिसरीत पहिल्या सहांतलं. म्हणजे वरचे सहा नंबर गंमत म्हणून भरायचे दिवस गेले. मामांनी हा नियम वाचला त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असं मामी सांगतात. पाटबंधारे खात्यात उभ्या नोकरीत त्यांची झोप कधी उडाली नव्हती.

एवढं सगळं शास्त्र सांगून झालं की मामा ते एका ओळीत बसवतात: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." ही म्हण आमच्या गावाला कुणी चिकटवली देवजाणे, पण पसंतीक्रमाचा याहून चांगला सिद्धांत सीईटी सेललाही सुचलेला नाही. वर पुणे, मध्ये संभाजीनगर-नांदेड, आणि काहीच नाही बनलं तर सगळ्यात खाली आपलं गाव.

यातली गंमत अशी, की इथल्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकायला राज्यभरातून पोरं येतात. हे विद्यापीठ 18 मे 1972 चं. इथेच पैदा झालेली 'परभणी क्रांती' भेंडी पार कुठल्या कुठल्या शेतांत उभी राहिली. अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या, शेजारी पशुवैद्यक, सगळं एका पंचक्रोशीत. बाहेरची पोरं परभणी पहिल्या नंबरवर टाकून बॅगा घेऊन उतरतात, त्याच स्टेशनावर आमची पोरं पुण्याच्या गाडीत बसतात. मामांना हे बोलून दाखवलं तर म्हणतात, "घरच्या विहिरीचं पानी कुनाला गोड लागतंय?" आणि फूटपट्टी पुन्हा पुण्यावर ठेवतात.

मागच्या वर्षी शेजारच्या दाजींची पोरगी बारावी झाली. पोरीला अन्नतंत्र हवं होतं, तेही इथलंच. दाजींना कॉम्प्युटर हवं होतं, तेही पुण्याचंच. पोरीनं हे बापाला सांगितलं नाही. मामांनाही नाही, कारण मामांनी विचारलंच नाही. मामा सातवा दशांश विचारतात, लहान भावाचा मोबाईल नंबर विचारतात, जात पडताळणीची पावती विचारतात. पोराला काय पाहिजे, हा रकाना त्यांच्या फाईलीत नाही.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात. संध्याकाळचे सात. मुदत रात्रीपर्यंतची, आणि दुकानात एवढी माणसं की पंख्याचं वारं पहिल्या रांगेतच संपत होतं. एक गृहस्थ ओटीपीसाठी ओरडत होते. ओटीपी गेलेल्या मोबाईलसकट त्यांचे थोरले भाऊ शेतात होते आणि शेतात रेंज नव्हती. कुणीतरी सर्व्हरला शिव्या देत होतं. तेवढ्यात लाईट गेली. मामा अंधारातच म्हणाले, "घाबरू नगा, सर्व्हर पुण्या-मुंबईकडंच असतोय, तिथं लाईट असते." लाईट आली. मामांनी पोरीचा फॉर्म नंबर लावून पूर्ण केला, इंजिनिअरिंगचा वेगळा, कृषीचा वेगळा. कृषीचा आपला सोय म्हणून. "आता निस्तं कन्फर्मचं बटन दाबायचं," असं तिला सांगून मामा आणि दाजी समोर मुरमुऱ्यांचा सुशीला खायला गेले. पोरगी दुकानातच थांबली. बटण दाबायला तिला बराच वेळ लागला, एवढं माझ्या लक्षात आहे.

पहिली फेरी लागली. इंजिनिअरिंगला काहीच नाही. तीनशे पर्याय भरून काहीच नाही, असं गल्लीत कधी घडलं नव्हतं. आणि कृषीत? पहिला नंबर: अन्नतंत्र, परभणी.

दाजी प्रिंट घेऊन मामांच्या ओट्यावर आले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही; गल्लीतल्या बायका पाणी भरायचं सोडून उभ्या राहिल्या. मामांनी प्रिंट हातात घेतली, फूटपट्टी ठेवली. यादीत कॉलेजं उरली होती जेमतेम एक पान, सगळी सहा हजार सहा आणि तीन हजार बाराच्या घराण्यातली, पोरीच्या पर्सेंटाइलला आभाळाएवढी उंच. पोरीच्या पदरात पडलं असतं असं एकूण एक कॉलेज साफ पुसून टाकलेलं होतं. वर टाकल्यानं खालचं जात नाही, पण खालचं टाकलंच नाही तर मशीन तरी कुठं थांबणार? मामांचं शास्त्र पोरीनं मामांपेक्षा बरं शिकून घेतलं होतं.

मामांनी एकवार दाराआड उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "औंदा आपला अंदाज चुकला, दाजी."

मामा दरवर्षी अशा शिव्या खातात, आणि माझा असा कयास आहे की गल्ली त्यांना त्यासाठीच ठेवून आहे. कॉलेज कॉम्प्युटर देतं. कॉम्प्युटरला शिव्या देऊन काय होतंय? सीईटी सेल मुंबईत. पोराला बोलावं तर ते जेवत नाही, बायकोला बोलावं तर ती जेवायला वाढत नाही. मामा ओट्यावर हजर असतात, पेन्शनीत असतात आणि उलटून बोलत नाहीत. चांगलं कॉलेज लागलं तर पोरगं हुशार. वाईट लागलं तर मामानं घोळ केला. ही वाटणी दोन्ही बाजूंना मान्य आहे.

"मग आता पुढच्या फेरीला काय करावं?" दाजींचा आवाज जरा खाली आला होता.

"हातची सीट सोडू नगा. फी कमी, पोरगी घरी, डबा घरचा. पुन्हा नंबर पहिला लागलाय, लोकाला सांगायलाबी बरं."

दाजी ओट्यावर टेकले. मामीने चहा आणला. पहिला घोट झाल्यावर मामांनी फाईल उघडली, कोरा कागद काढला आणि हिरव्या पेनाचं टोपण उघडलं.

"धाकटा औंदा दहावीला ना? अकरावीचंबी आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय. तिथं दहाच कॉलेजं टाकता येतात, तीनशे न्हाई. त्याला घेऊन या एकदा." मग जरा थांबून म्हणाले, "आन ते बटन दाबायला आपनच थांबू."